सेवेरोच्या वेण्या

आईनं सूप वाढलं, त्याच्या डोक्याकडे एकदाच बघितलं आणि पाठ फिरवली.

सेवेरोनं टोपी मुद्दामच काढून ठेवली होती. बघायचंय तर नीट बघ. हाकलायचंय तर आत्ताच हाकल, म्हणजे संध्याकाळचा ट्रक तरी मिळेल. पण आई चुलीतली राख उगाच उकरत राहिली. सेवेरो सुपातले काळे, वाळवलेले बटाटे चमच्यानं एका बाजूला सारत राहिला.

काल एल आल्तो शहरात, तो कामाला होता त्या वेल्डिंगच्या दुकानामागे, पत्रा कापायच्या कात्रीनं त्यानं दोन्ही वेण्या छाटल्या होत्या. एकवीस वर्षं वाढलेल्या. कमरेखाली गेलेल्या. दोरखंड कापावा तसा करकर आवाज आला होता. मग गावी यायला ट्रकमध्ये पोत्यांवर बसून चार तास प्रवास. शेजारच्या बायांनी त्याला नीट बसू दिलं नाही.

"कुणी छाटल्या गं? नवऱ्यानं?"

"मीच."

"अगं बाई. आता शिक्षासुद्धा आपली आपणच करून घ्यायची का?"

सगळा ट्रक हसला. गावाकडच्या त्या पठारावर बाईच्या वेण्या कापणं म्हणजे तिला चारचौघांत नागवं करणं. सेवेरो बाई नव्हता, पण ते कुणाकुणाला सांगत बसणार? लोकांना दुसऱ्याच्या डोक्यावरचे केस मोजायची भारी हौस असते. स्वतःच्या डोक्यात काय आहे ते कुणी मोजत नाही.

एकाच माणसाला त्यानं सांगितलं होतं. तीन महिन्यांपूर्वी, फोनवर. "आई, मी मुलगी नाही. कधीच नव्हतो. माझं नाव सेवेरो. आणि या वेण्या मी आता ठेवणार नाही."

पलीकडे वारा घोंघावत होता. मग आई म्हणाली, "कार्निव्हलला ये." आणि फोन बंद.

त्याआधी दर रविवारी तिचा फोन यायचा. जेवलीस का, थंडी आहे का, मालक नीट वागतो का. त्यानंतर तेरा रविवार गेले. एकदाही नाही. चौदाव्या आठवड्यात त्यानं कात्री उचलली. हाकलणारच असेल, तर निदान मला हाकलू दे. त्या वेण्यांना नको.

अंगणात पावलं वाजली. एकाची नाही, बऱ्याच जणांची. कुजबुज. कुणीतरी खाकरलं.  म्हणजे आईनं गाव गोळा केलंय. चारचौघांत निकाल लावणार.

दारात फोर्तुनातोमामा उभा राहिला. आईचा थोरला भाऊ. अर्धं गाव त्याला घाबरायचं, उरलेलं अर्धं त्याच्यापुढे उभंच राहायचं नाही. लग्नाकार्याचा कोट, इस्त्रीची हॅट, हातात दोर. त्यानं सेवेरोचं डोकं बघितलं आणि त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला.

"कुणी कापले?"

"मी."

"आपल्या हातानं?"

"आपल्या हातानं." सेवेरो उठून उभा राहिला.  "मी मुलगा आहे, मामा. मारायचं तर मारा. पण परत मुलगी होणार नाही."

"मुलगा आहेस ते दिसतंय मला. आंधळा झालोय का मी?"

 "मग चिडलात कशाला?"

"कशाला?" मामानं हॅट काढून बाकावर आपटली. "ही तुझी आई तीन महिने माझ्या दारात कोकाची पानं घेऊन येतेय. पहिल्यांदा मी कुत्रं सोडलं तिच्यावर. दुसऱ्यांदा दारच उघडलं नाही. तरी येतच राहिली. परवा घेतली मी पानं, म्हणजे होकार दिला. मामा पानं घेत नाही तोवर लेकराला काही कळवायचं नसतं, ही रीत आहे आपली. ती गप्प राहिली. आणि तुला दम निघाला नाही? अरे गाढवा, स्वतःचं जावळ कुणी स्वतः काढतं का?"

त्या पठारावर लेकराची पहिली बट मामा कापतो. मग एकेक पाहुणा एकेक बट कापून ताटात ठेवतो, आणि त्या दिवसापासून गाव त्या लेकराला मुलगा किंवा मुलगी म्हणून ओळखतं. सेवेरोचं हे सगळं दोन वर्षांचा असताना होऊन गेलं होतं.

मामाचा आवाज खाली आला. "तेव्हा मी चुकलो. मुलगी समजून मेंढी दिली तुला. द्यायचा होता मेंढा." त्यानं दोर ओढला. शिंगांना लोकरीचे लाल गोंडे बांधलेला एक धिप्पाड मेंढा दारातून आत डोकावला. "चूक निस्तरायला आलो, तर पोरानं डोकंच साफ केलंय. बाहेर बारा माणसं बसलीत, कात्रीला फुलं बांधून. त्यांना काय कापायला देऊ? माझ्या मिशा?"

सेवेरो हॅटशेजारी बाकावर बसला. तोंडातून हसू आलं की हुंदका, त्यालाही कळलं नाही.

आई चुलीपासून उठली. हातांना राख तशीच. ती त्याच्या मागे येऊन उभी राहिली आणि लहानपणी उवा बघायची तशी त्याच्या डोक्यात बोटं घालू लागली. भराभरा, रागारागानं. मानेपाशी येऊन बोटं थांबली.

"केस कापताना आरसा नव्हता का रे?"

"नव्हता."

तिनं मुठीत काहीतरी धरून खसकन ओढलं. सेवेरो कळवळला.

"फोर्तुनातो," आई म्हणाली, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा हसली, "मागं चांगला झुबका राहिलाय. बारीक बारीक कापायला सांग. सगळ्यांना पुरेल."