सेल्मोच्या बागेतली बुरशी

प्रयोगशाळेतल्या जोव्हलिन मॅडमनी काचेची बशी उचलून उजेडात धरली. "ही तुमच्या बागेतली बुरशी आणि ही तुमच्या भावाच्या. बघा, जुळत नाहीत."

तेओफिलो वाकला. बशीत दोन विरविरीत जाळी दोन बाजूंनी वाढत येऊन भिडली होती. भिडली तिथे काहीच झालं नव्हतं.

"आणि जुळली असती तर?"

मॅडमनी दुसरी बशी पुढे सरकवली. तिच्यात दोन जाळी भेटली तिथे पिंजलेल्या कापसासारखी पांढरी, दाट रेघ उठली होती. प्रत्येक बुरशीला आधी मुद्दाम अधू करतात, त्या सांगू लागल्या. एकटी असली की ती मरतुकडीच वाढते. एका गोतातल्या दोघी शेजारी आल्या, तर धाग्यात धागा मिसळतो आणि एकीचं उणं दुसरी भरून काढते. परक्या असल्या तर शेजारी राहूनही दोघी उपाशीच.

"भावाच्या लातुंदान जातीच्या केळीत सापडली ती जुनी बुरशी. आजोबा-पणजोबांपासून इथे आहे. परदेशी जाणाऱ्या तुमच्या केळीला ती काही करत नाही. तुमची बाग मारली ती वेगळी. गावातल्या बाकी सगळ्या बागांत हीच तुमची निघाली."

"मग या बशीत माझ्याशी जुळली ती कुणाची?"

"नदीच्या वरच्या अंगाला एक रोपवाटिका आहे, तिथली. तिथून लावणीसाठी केळीचे मुनवे आणले होते का कधी?"

तेओफिलोने टोपी डोक्यावर चढवली, पुन्हा काढली. पुन्हा केळी लावता येईल का, एवढंच विचारायला तो गावाहून दावाओ शहरात आला होता. ते न विचारताच तो बाहेर पडला.

मुनवे त्याने आणले होते. बागाईतदार संघाने बाहेरच्या मुनव्यांना बंदी घातली होती, तरी आणले होते. पुढे डोंगरउतारावरच्या बागा एकामागून एक पिवळ्या पडू लागल्या, तेव्हा चर्चच्या अंगणात संघाची सभा भरली. ज्याच्यामुळे मर रोग आला त्याचा माल यापुढे घ्यायचा नाही, असं ठरलं. लोक एकमेकांकडे संशयाने बघत होते. तेओफिलो मान खाली घालून बसला होता. तेवढ्यात त्याचा धाकटा भाऊ सेल्मो उठला. तो पलीकडच्या मोठ्या मळ्यावर फवारणीला जायचा. रोग तिथेही होता.

"माझ्याच बुटांच्या मातीतून आला," सेल्मो म्हणाला.

तेओफिलोने ते खरं मानलं. खरं मानून फार बरं वाटलं त्याला. पण भावाशी बोललो तर लोक म्हणतील, दोघं सामील आहेत. म्हणून गावाच्याही आधी त्याने बोलणं तोडलं. सेल्मो बांधावरून हाक मारायचा. तेओफिलोला 'मनोय', म्हणजे दादा, म्हणणारा हा एकच पाठचा भाऊ. "मनोय! तुझा फणस फुटायला आलाय, काढ की! का माकडांना जेवायला बोलावलंयस?" तेओफिलो पाठ करून उभा राहायचा. हळूहळू हाका थांबल्या. सेल्मो बुकिद्नोनला अननसाच्या मळ्यावर कामाला गेला आणि तिथेच मजुरांचा ट्रक घाटात उलटला. सेल्मोची शवपेटी गावात आली तेव्हा तेओफिलो सगळ्यांच्या मागे उभा होता.

दावाओहून परतल्यावर जीपमधून उतरून तो आधी स्वतःच्या घरी गेला नाही. सरळ भावाच्या अंगणात शिरला. लोरेता, सेल्मोची बायको, डुकरांसाठी रताळ्याचे वेल चिरत बसली होती. तिने बसायला सांगितलं नाही, जा असंही म्हणाली नाही.

"लोरेता, सेल्मोचा काही दोष नव्हता." त्याने टोपी काढली. "रोग मी आणला. मुनव्यांतून. बुटांतून आला असता तर आधी त्याच्याच बागेत सापडला असता. मॅडमनी आज दाखवलं मला."

"माहीत आहे."

"कसं माहीत असेल? मलाच आज कळलं."

"तुम्हाला आज कळलं?" लोरेताने पहिल्यांदा मान वर केली. मग पुन्हा वेल हातात घेतला. "गावात कुठे काही नव्हतं, तेव्हाच त्याने तुमच्याकडची पानं पिवळी पडलेली बघितली होती. एक खुंट कापून बघितला, तर आत सगळं तांबडं. घरी आला आणि ताटावरून उठला. म्हणाला, मनोयने वरून मुनवे आणले तिथेच घात झाला."

"मग सभेत तो का उठला?"

"तुमची पोरं शिकतायत. माल बंद झाला असता तर घरी बसली असती. आम्हाला ना पोर ना बाळ, आमच्या मागे कोण होतं?"

तेओफिलो मटकन खाली बसला. कोंबड्या फडफडत बाजूला झाल्या.

"मला विचारायचं तरी त्याने," तो कसाबसा म्हणाला.

"मी भांडले त्याच्याशी. म्हटलं, वेडा आहेस का, उद्या गावात कुत्रं विचारणार नाही तुला." तिचा विळा थांबला. "तर हसला. म्हणाला, गाव नाही बोललं तर नाही बोललं. मनोय बोलेल ना."