गेटवरचा चौथा

"तिकीट?" रखवालदाराने मला अडवलं. त्याच्या टी-शर्टवर आमच्या रॉक बँडचा पहिला फोटो होता. आम्ही चौघं, खांद्यापर्यंत केस, जग खिशात घालायला निघालेले. ड्रमच्या काठ्या धरलेल्या पोरावर मी बोट ठेवलं. "हा मी."

तो हसला. "आजोबा, बँड तर आत वाजवतोय."

खरंच होतं. बँडचं नाव कुणाचं, यावरून आम्ही कोर्टात भांडलो, बोलणं टाकलं, शेवटी नाव एका म्युझिक कंपनीला विकलं. कंपनीने आमच्या जागी पगारी पोरं उभी केली.

"असं सांगणारे आज तुम्ही चौथे," तो म्हणाला. "बाकीचे तिघं ते काय, बसथांब्यावर."

मी वळून पाहिलं. तिघंही एकमेकांकडे न बघता बसले होते, आणि तिघांचेही पाय आतून ऐकू येणाऱ्या माझ्या जुन्या ठेक्यावर हलत होते.