राहतं घर

तिसऱ्यांदा कॉम्प्युटर बंद पडला आणि टेबलावरच्या चार मजली घरातले दिवे एकदम गेले.

सुनेनं घराच्या भिंतीला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. दाराशी उभ्या असलेल्या सासऱ्यांनी ते पाहिलं. पाहिलंच नाही असं दाखवायला त्यांनी पुढे येऊन रुमालानं गच्चीच्या इवल्याशा कठड्यावरची धूळ पुसली. धूळ नव्हतीच.

घर त्यांनीच बांधलं होतं. सुनेच्या कॉम्प्युटरचा काळा पत्र्याचा डबा त्यांच्या डोळ्यांत सलायचा. म्हणून आतलं सगळं सामान काढून त्यांनी त्याच्याभोवती हे उभं केलं: उतरतं छप्पर, मजल्यामजल्यावर गॅलरी, खिडक्यांच्या ओळी, आणि दारावरची बेल दाबली की कॉम्प्युटर सुरू. जन्मभर त्यांनी बिल्डरांना इमारतींची मॉडेलं करून दिली. पुढे लोक इमारती पडद्यावरच बघायला लागले आणि मॉडेलं कोणी मागेना. पडद्यावर इमारती फिरवून दाखवणं हेच सुनेचं काम. "ज्यानं पोटावर पाय दिला त्यालाच घर बांधून देतोय," असं ते सगळ्यांना हसत हसत सांगायचे.

आज मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. गिऱ्हाइकाला संध्याकाळपर्यंत इमारत दाखवायची होती आणि ती दर वेळी अर्ध्यावर येऊन गारद होत होती.

"बाबा, हा आत तापून बंद पडतोय. मी सगळं परत जुन्या डब्यात हलवते," सून म्हणाली. "हे घर आपण बाहेरच्या खोलीत ठेवू. काचेच्या कपाटात. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल."

ती हे मायेनं म्हणाली, त्यामुळे त्यांना जास्तच लागलं. काचेच्या कपाटात काय जातं ते त्यांना चांगलं माहीत होतं. त्यांची सगळी मॉडेलं तिथेच गेली होती. हे एक तरी कामाला लागेल, असं त्यांना वाटलं होतं.

"हवा हवी असेल तर मागून भोकं पाड ना."

"मागून आहेत, त्यानं भागत नाही. समोरून हवा खेळायला पाहिजे."

"समोरून? दर्शनी भागाला भोकं?" जणू सुनेनं त्यांच्याच कपाळाला भोक पाडायला मागितलं होतं.

एवढ्यात सासूबाई आल्या. त्यांनी घरावर तळवा टेकवून पाहिला. "नाकापेक्षा मोती जड," त्या म्हणाल्या. "काय उकडत असेल आत. अहो, खिडक्या उघडा की जरा."

"मॉडेलच्या खिडक्या उघडत नसतात."

"का?"

"का म्हणजे? आत कोणी राहतं का?"

बोलता बोलता सासऱ्यांनी वाकून एका खिडकीतून आत पाहिलं. आत पंखे होते, तारा होत्या, सुनेचं सगळं काम होतं. आयुष्यभर त्यांनी खिडक्याच खिडक्या केल्या, पण उघडणारी अशी एकही नाही. कोणाला गरजच पडली नव्हती.

"वायर काढ आधी," ते म्हणाले. "आणि माझी सुरी कुठाय?"

पुढची भिंत सुटी करून त्यांनी मांडीवर घेतली. खिडकीचा पारदर्शक तुकडा तीन बाजूंनी कापायचा, चौथ्या बाजूला नुसती रेघ ओढायची आणि बोटानं हलकेच ढकलायचं. पहिली खिडकी उघडली तेव्हा ते स्वतःशीच हसले.

"खालच्या मजल्यांवरून गार हवा आत जाईल," सून म्हणाली, "वरच्यांतून गरम बाहेर."

"मग खालच्या आत उघडतो, वरच्या बाहेर." त्यांनी कोनमापक काढला. "सगळ्या सारख्या उघडल्या पाहिजेत, नाहीतर ध्यान दिसेल."

"बाबा, आपल्या घरात दोन खिडक्या तरी सारख्या उघड्या आहेत का?"

त्यांनी मान वर करून पाहिलं. स्वयंपाकघराची सताड उघडी होती. या खोलीतली एक अर्धी, आणि दुसरी सासूबाईंनी कागदाची घडी खुपसून कशीबशी उभी केलेली. त्यांनी कोनमापक खाली ठेवला. मग एक खिडकी पूर्ण उघडली, एक किलकिली ठेवली, आणि एकीत कागदाचा बारीकसा कपटा अडकवला.

"ही तुझ्या सासूबाईंची."

"ऐकतेय मी," सासूबाई म्हणाल्या.

भिंत जागेवर बसली. सुनेनं बेल दाबली. दिवे लागले आणि पडद्यावरची इमारत सावकाश फिरायला लागली. अर्ध्यावर आली तेव्हा तिघांनी श्वास रोखला. इमारत पुढे गेली आणि फिरतच राहिली. सुनेनं खुर्चीत अंग टाकलं आणि ती खळखळून हसली. सासरे मात्र एकेका खिडकीपुढे हात धरून वारा पाहत होते. त्यांना इतका आनंद झाला होता की तो कुठे ठेवावा ते कळत नव्हतं.

"वरच्या मजल्यावर फर्स्टक्लास वारा आहे," ते म्हणाले, एखाद्याला फ्लॅट दाखवावा तसे.

सासूबाई शिवणाच्या डब्यातून दोरा आणि एक चिंधी घेऊन आल्या. त्यांनी पहिल्या मजल्याच्या गॅलरीत दोरा बांधला आणि चिंधी त्यावर वाळत घातली. सुनेनं घाबरून सासऱ्यांकडे पाहिलं. बिल्डर एक वेळ झाड चालवून घेतील, पण धुणं नाही, हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. दर्शनी भागाची शोभा जाते.

सासऱ्यांनी टेबलावरचा बारीक चिमटा उचलला. दोऱ्यासकट चिंधी काढली. सासूबाईंचं तोंड एवढंसं झालं.

मग सासऱ्यांनी चौथ्या मजल्यावर, सताड उघड्या खिडकीसमोर दोरा नीट ताणून बांधला. चिंधी घातली, तिच्या सुरकुत्या काढल्या. ती फडफडायला लागली.

"तिकडे वाळलं नसतं," ते म्हणाले. "वारा इथे आहे."