मनगट टेकायला जागा

केतकीचं बारसं झालं, त्या वर्षी साठीत मी पहिलं अक्षर गिरवलं. सून शालन एका हातानं पाळणा हलवायची, दुसऱ्या हातानं माझी पाटी धरायची.

आता केतकी कॉलेजात निघाली. टिपणं काढायला टॅब हवा म्हणून आम्ही दुकानात आलो. मांडलेले टॅब चांदण्यातल्या डबक्यांसारखे चमकत होते. तिनं सर्वांत लहान उचलला.

"पर्समध्ये मावतो, आबा."

"लिहून बघ."

तिनं पेनानं लिहिलं. हात काठावरून घसरला, अक्षरं थरथरली. मी मोठा टॅब पुढे सरकवला.

"मनगट टेकव. मनगट टेकलं की अक्षर भीत नाही."

तिनं पडदा काळा केला. त्यावर पांढरं अक्षर शांत उमटलं. मला पाळण्याची करकर ऐकू आली.

"वा, मास्तर! हे कुणी शिकवलं?"

"तुझ्या आईनं."

तिचं हसू थांबलं. आईचा एक फोटो सोडला तर तिच्याकडे काहीच नव्हतं. मनगट न उचलता तिनं आईचं नाव लिहिलं.

"हाच घेऊ या."

शालन माघात वारली. केतकी तेव्हा दीड वर्षाची होती.