टाकीचा मूळ रंग

ललितने वडिलांची अठ्ठ्याऐंशी सालची यामाहा शोरूममधून निघाल्यासारखी करायला घेतली. जपानी कार्ब्युरेटरसाठी जळगावचा भंगार बाजार पालथा घातला. मग टाकीचा ओरिजिनल रंग कळावा म्हणून अंगणात बसून एकेक थर खरवडला. हिरव्याखाली निळा निघाला. निळ्याखाली कंपनीचा लाल निघाला आणि त्या लालावर, वेलबुट्टीसकट, पांढऱ्या अक्षरांत 'रत्ना'.

ललितच्या आईचं नाव प्रमिला.

"आधीच्या मालकानं लिहेल असीन," तोतारामभाऊ म्हणाले.

"आबा, गाडी तुम्हीच नवी घेतली होती."

तोतारामभाऊंना एकदम केळीच्या बागेत ठिबक सुरू राहिल्याचं आठवलं. ते चपला न घालताच गेले.

प्रमिलाबाई चहा घेऊन बाहेर आल्या. टाकीकडे बघत उभ्या राहिल्या.

"लगेच रंग मारतो, आई."

"काहाले रे? ओरिजिनल आहे ना ते? राहू दे."

गाडी आता एक नंबर झाली आहे. तोतारामभाऊ यावलच्या बाजाराला बसने जातात. प्रमिलाबाई गाडी शिकताहेत. हात बसला की पहिल्यांदा पहूरला जाणार म्हणतात. रत्नाबाईंचा पत्ता त्यांना पस्तीस वर्षांपासून पाठ आहे.