राणी रंग

तीन टेबलांवर तीन जुने कॉम्प्युटर मांडले होते. तिन्हींवर एकच गेम चालू होता. पहिल्याच्या पडद्यावर जुन्या सीजीए पद्धतीचे चार रंग, दुसऱ्यावर ईजीएचे सोळा, तिसऱ्यावर व्हीजीएचे दोनशे छप्पन्न. पस्तीस वर्षांपूर्वी गेम निघाला तो फक्त चार रंगांत. बाकीच्या दोन आवृत्त्या कंपनीने गेमच्या चित्रकाराच्या जुन्या पेन्सिलच्या चित्रांवरून आत्ता करून घेतल्या होत्या.

चित्रकार खुर्चीत बसून सह्या देत होता. त्याची बायको ठेवणीतले कपडे घालून पहिल्या टेबलापाशी उभी होती.

"यात मी आहे हं," खेळणाऱ्या मुलीला ती म्हणाली. "महिनाभर स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवलं होतं मला. जरा हलले की खेकसायचे."

"खरंच? कोण आहात तुम्ही यात?"

"तुला राणी रंगात काढलंय, म्हणाले होते. म्हणजे राणीच की!"

पडद्यावर काळा, पांढरा, आकाशी आणि राणी रंग, एवढंच होतं. ठसठशीत चौकोनी ठिपके. कुठलं तोंड कुणाचं, काही कळत नव्हतं.

"काकू, तिकडच्या टेबलावर बघा," मुलगी म्हणाली. "तिथे स्पष्ट दिसतं."

दुसऱ्या टेबलावर राणी दिसली. निमुळती हनुवटी, लांब मान. ही आपण नव्हे, हे तिला कळलं. तरी रंग कमी पडले असतील, असं मनाशी म्हणत ती तिसऱ्या टेबलाकडे गेली.

तिथे गुहेत चेटकीण बसली होती. मधेच तुटलेली डावी भुवई. एकावर एक चढलेले पुढचे दोन दात. बसून बसून अवघडलेली मान. खेळणाऱ्याने बाण मारला, चेटकीण तोंडावर आपटली आणि बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. एकाची नजर पडद्यावरून तिच्याकडे वळली. त्याने शेजारच्याला कोपर मारलं.

ती नवऱ्याजवळ आली.

"अहो, ती चेटकीण..."

"मग? तेव्हा दुसरं मॉडेल परवडत होतं का आपल्याला?"

"आणि राणी?"

"ती मनातली." त्याने मान वर न करता सही केली.

"मला राणी म्हणाला होतात तुम्ही."

"राणी रंग म्हणालो होतो. चेटकिणीचा झगा त्याच रंगाचा होता." मग रांगेकडे बघून तो म्हणाला, "रंग चारच होते, तोवर बाईंची झाकली मूठ होती!"

लोक हसले. विनोद जमला म्हणून मागच्यांसाठी त्याने तो पुन्हा एकदा, मोठ्याने सांगितला.

तिने पर्स उचलली. तेवढ्यात कंपनीचा मॅनेजर आडवा आला. "काकू, एक फोटो. तिसऱ्या टेबलापाशी. सगळे थांबलेत."

"मला घरी जायचंय."

"अगं, उभी राहा की," नवरा तिथूनच म्हणाला. "लोक एवढ्या लांबून आलेत."

ती जाऊन पडद्याशेजारी उभी राहिली. पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली.

"जरा चेहरा वाकडा करा ना," फोटोग्राफर म्हणाला. "चेटकिणीसारखा."

ती तशीच उभी राहिली, ओठ घट्ट मिटून, समोर बघत.

फोटोग्राफरने एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग कॅमेरा डोळ्याला लावला.

"राहू दे," तो म्हणाला. "असाच चालेल."