निंबाची डहाळी

गोवराची साथ गावात आली, तेव्हा रूपाली सिस्टरला आजारी पोरं शोधावी लागत नव्हती. ज्या घरात गोवर, त्या दाराला निंबाची डहाळी आणि आत पोराच्या अंथरुणात निंबाचा पाला. सोयच होती ती. डहाळी दिसली की आत जायचं, पोर तपासायचं, ताप हटत नसेल तर गाडीत घालून तालुक्याला न्यायचं. तिथल्या दवाखान्यात आता एका खाटेवर दोन-दोन पोरं झोपवत होते. मागच्या आठवड्यात इथूनच नेलेली हेमकांतची काजल परत आली नव्हती.

आज ती लशीचा डबा घेऊन गल्लीगल्ली फिरली. एकाही दाराला डहाळी नव्हती. गल्लीत एकही पोर खेळत नव्हतं.

"पोरे कोठे गयात, कमलमाय?"

"समदा मामाना गावले गयात, सिस्टर. आठे आते गोवर नही शे." म्हातारी बोलली, पण दारातून हलली नाही.

तेवढ्यात तालुक्याहून आरोग्य खात्याच्या साहेबांचा फोन आला. "आज नवीन किती?"

"एकही नाही, सर."

"वा! आटोक्यात आली म्हणायची साथ."

डबा भरलेला तसाच होता. गाडी यायला वेळ होता, म्हणून रूपाली पारावरच्या मोठ्या निंबाखाली जाऊन बसली. तिथेही ऊन लागायला लागलं, तेव्हा तिनं वर पाहिलं.

तोडलेल्या फांद्यांची टोकं अजून ओली होती. शेंड्यापर्यंत निंबाला पाला उरला नव्हता.